कोरा फळा

आमच्या सामायिक मळ्यात प्रत्येकाचा वाफा वेगळा, पण एक नियम सगळे पाळतात. टोमॅटोवर करपा ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्यानं फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचं आणि आपली झाडं त्याच दिवशी उपटून जाळायची. मला तो सोमवारी दिसला. पण भाज्यांचं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. डाग पडलेली पानं खुडून मी गुपचूप खिशात घातली. रविवारपर्यंत सगळा मळा काळा पडला.

सभेत अध्यक्ष क्लिफर्ड थेट मॉरीनवर घसरला. ती यंदाच आलेली.

"सुपरमार्केटातली रोगट रोपं तुम्हीच लावलीत ना, बाई? पाच वर्षं यादीत थांबून जागा मिळवलीत, ती आमची वाट लावायला?"

"अहो, माझ्या झाडांवर तर सगळ्यांत शेवटी आला!"

"हो का? मग झाडांनाच बोलवू साक्षीला!"

सगळे हसले. मी चहात बिस्किट बुडवत राहिलो.

शनिवारी तिनं फाटकाची किल्ली परत केली. जाताना हिरव्या टोमॅटोच्या चटणीची बरणी माझ्या हातात ठेवली.

"मिस्टर पिकरिंग, त्या दिवशी तुम्ही एकटेच मला काही बोलला नाहीत."