शेगडी वाढव

शेगडी पुरती निवल्याशिवाय शिवानी तिला हलवत नसे. आताही तिने जाळीवर पालथा हात टेकवून पाहिला. गार लागली, तेव्हा कुठे ती उचलून अंगणात नेली.

"झाली का पूजा?" आतून सासूचा, शिवम्माचा आवाज आला. "ही अक्कल तवा आली असती तर माझं कुंकू ऱ्हायलं असतं."

चार वर्षं शिवानी असंच ऐकत होती.

पेडगावात पौषाची थंडी हाडं फोडते. सासरे मन्मथअप्पांचे सांधे धरायचे, म्हणून तिच्या नवऱ्याने, वैभवने वडिलांसाठी रॉकेलची शेगडी आणली होती. तेव्हा लग्नाला जेमतेम महिना झालेला. एका सकाळी अप्पा शेगडी भरायला वैभवने आणलेला डबा घेऊन आले आणि म्हणाले, "पोरी, शेगडी वाढव."

पुण्यात वाढलेल्या शिवानीने वात वर केली.

अप्पा खदखदून हसले. "अगं, दिवा विझव म्हणणं बरं न्हाई. आमी वाढव म्हणतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो! पुण्याला शिकवत न्हाईत वाटतं?"

त्यांनी स्वतःच वात खाली केली. ज्योत विझली. मग त्यांनी झाकण काढून डबा तिरपा केला, आणि भडका उडाला.

आठव्या दिवशी अप्पा गेले. भेटायला आलेल्या बायांसमोर शिवम्माने सुनेकडे बोट दाखवलं. "वाढव म्हणलं तर हिनं वात मोठी केली. पत्रा तापला. हिच्यापायी माझ्या बांगड्या वाढल्या!"

गावाला ते पटलं. शिवानीलाही पटलं. वैभव तिला एका शब्दाने बोलला नाही, पण त्यानंतर तिच्यासमोर मोकळा हसलाही नाही.

अप्पांमागे शिवम्माचे गुडघे आखडले. वैभवने दुसरी शेगडी आणली, तेव्हा ती भरायचं काम शिवानीने मागून घेतलं. माहेरी चार दिवस राहायला जाणंही तिने सोडलं. म्हातारीला न्हाऊ घालायचं, पाय चेपायचे, बोलणी खायची. तिला एकच हवं होतं. सासूने एकदा तरी म्हणावं, जाऊ दे पोरी, झालं गेलं.

अंगणात तिने नवा डबा उघडला. रेशनचं रॉकेल बंद झालेलं. घरातला साठाही परवा संपला. म्हणून काल वैभवने सेलूच्या जुन्या ओळखीच्या माणसाकडून डबा आणला होता. पडशाने शिवानीचं नाक चोंदलं होतं. तिने नरसाळं लावलं आणि बारीक धार धरली. खुणेच्या बोटभर खाली थांबली. झाकण आवळलं, सांडलेले थेंब फडक्याने टिपले आणि ते फडकं कुंपणावर लांब टाकलं. पाव तास शेगडी तशीच ठेवून मगच ती आत आणली.

वैभव दारात चहा पीत बसला होता. "किती येळ लावायलीस?" तो म्हणाला. "आई काकडायलीय."

"काकडू दे," शिवम्मा वाकळेतून म्हणाली. "तिच्या हातचं सगळं उशिराच असतंय. अक्कल तेवढी चार वर्षं उशिरा."

शिवानीने शेगडी तिच्या पायांशी ठेवली. हात साडीला पुसले आणि खाली बसली.

"आत्याबाई, एक इचारू?" इथली बोली आता तिच्याही जिभेवर बसली होती.

"इचार."

"माझ्या हातनं चूक झाली. अजून किती वर्षं धरून बसणार?"

शिवम्माची नजर शिवानीवरून दारातल्या मुलाकडे गेली आणि तिथेच थांबली.

"जलमभर," ती म्हणाली. "कुणीतरी धरायलाच पायजे."

शिवानीने डोळे पुसले. काडेपेटी घेतली, काडी काढली आणि पेटीवर टेकवली.

शिवम्माने नाक वर केलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग ज्या म्हातारीला उठायला दोन माणसं लागत, तिने वाकळेतून झेप घेऊन सुनेचं मनगट गच्च धरलं.

"वढू नको काडी!" ती किंचाळली. "वैभव, बापाच्या वक्ताला आणलंस तसंच, पुन्ना पेट्रोलच आणलंस रं!"