भूपेशची बाई

फुस्स.

पेटीच्या भात्यातून हवा सुटली आणि दुपारची शांतता मोडली. दामिनीने घाईने भाता दाबून धरला. पडवीत लवंडलेल्या सासूबाईंचं घोरणं थांबलं.

"काय आहे वं?" शकुबाईंनी पडल्यापडल्याच विचारलं.

"उंदीर, आत्याबाई."

"हाकल त्याले. माया पोराची पेटी कुरतडन."

हा उंदीर दिवाळीपासून पेटीत होता. दिवाळी झाली की भूपेश वडशाच्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायला जायचा, तो होळीलाच परतायचा. मागे घर, म्हैस, लहानगी रंजीता आणि ही पेटी. सासूची डुलकी लागली की दामिनी रंजीतापुढे मुरमुरे ठेवायची आणि भाता जेमतेम हलवत सूर शोधायची. नवरा घरी असताना चुलीकडे तोंड करून तिने सगळं ऐकून ठेवलं होतं. त्याची बोटं कुठे चुकतात, तेसुद्धा.

गावच्या भजन मंडळाची मात्र पंचाईत झाली होती. मार्कंड्याच्या जत्रेत यंदा त्यांना मंडपात बोलावणं होतं आणि पेटीवाला फिरतीवर. शकुबाई शेतावर गेलेल्या असताना मंडळाचे पुढारी डोमाभाऊ दारात आले.

"पेटी तरी दे बाई. वाजवणारा पाहतो कुठीतरी."

"मी वाजवू का?"

डोमाभाऊ आधी हसले. मग ऐकत राहिले. मग दारातच बसले.

"चालन," ते उठताना म्हणाले. जसे काही उपकारच.

"भाऊ, एक करा. भोंग्यात माझं नाव सांगा."

"सांगतो ना. त्यात काय?"

मंडपात वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव भोंग्यातून पुकारत. भोंगा वैनगंगेच्या पल्याड ऐकू जायचा. पल्याड दामिनीचं माहेर होतं. बाप नदीत डोंगा घालून मासे धरायचा. पोरीचं नाव पाण्यावरून येईल आणि त्याच्या हातातलं जाळं क्षणभर थांबेल, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने घरी देवदर्शनाचं कारण सांगितलं आणि रंजीताला कडेवर घेऊन मंडळासोबत निघाली.

रंजीता पेटीपुढे बसलेल्या आईच्या मांडीवरच निजली आणि भजन रंगलं. दोन अभंगांतच फुगेवाले, भजेवाले मंडपाकडे वळून पाहू लागले. शेवटी नावं पुकारायची वेळ आली. माईकवाला कापडाच्या आडोशाला मशीनपाशी बसला होता. तिथूनच तो ओरडला, "पेटीवर कोण?"

डोमाभाऊंनी तोंड उघडलं. पण चारचौघांत दुसऱ्याच्या बायकोचं नाव घ्यायला त्यांची जीभ वळेना. जन्मात वळली नव्हती. टाळांच्या गलक्यात त्यांनी आपल्या परीने मान राखून सांगितलं, "भूपेशची बाई!"

भोंगा कडाडला, "आणि पेटीवर आहेत, आपले भूपेशभाई!"

टाळ्या पडल्या. भूपेशभाई वैनगंगा ओलांडून गेले.

दामिनी घरी पोचली तेव्हा शकुबाई दारातच उभ्या होत्या. बातमी आधीच येऊन बसली होती. "पोरगा मार्कंड्याले आला अन् मायले तोंड नाई दाखवलं?"

"ते नव्हते आले, आत्याबाई. पेटी मी वाजवली."

"अन् भोंगा का खोटं बोलते?"

भोंग्यापुढे सुनेचं काय चालणार? बापानेही दुसऱ्याच दिवशी सुकी मासोळी आणि निरोप धाडला. जावयाले दे. हात लय गोड आहे त्याचा.

दामिनीने मासोळी शिंक्याला टांगली आणि होळीची वाट पाहू लागली. जगात एक माणूस होता, ज्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती. ज्याने ती पेटी वाजवली नव्हती, तो.

होळीला भूपेश आला. अंगात कंपनीतला चकचकीत शर्ट, डोक्याला सुगंधी तेल. आल्याआल्या अंगणात माणसं जमली. शेजारच्या लटारूने त्याच्या पाठीत थाप मारली. "भाऊ, मार्कंड्यात तं तू कहरच केला गा! भोंगा ऐकून इकडे बायामानसं रडून राह्यली होती."

चहाची किटली घेऊन दामिनी उंबरठ्यात थांबली.

भूपेशने लटारूकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आईचा ऊर भरून आला होता. डोमाभाऊ हातातल्या रिकाम्या बशीत काहीतरी शोधत होते. भूपेशने केसांवरून हात फिरवला.

"त्या दिवशी आमचं नाटक नागभीडले होतं," तो सावकाश म्हणाला. "पन म्हटलं, गावाची इज्जत आहे. ट्रकवर बसलो, आलो, वाजवली, गेलो."

"अन् मायले न भेटता?" शकुबाई रुसक्या आवाजात म्हणाल्या.

"टाईम कुठी होता माय? तिकडे पडदा उघडाचा होता."

वा वा झाली. डोमाभाऊंना बशीत जे शोधायचं होतं ते सापडलं असावं. त्यांनी मान वर केली. "वरोऱ्याले बोलावलं आहे आता मंडळाले. पेटीवर तूच बसजो, भूपेश."

"बसतो ना." मग दाराकडे न पाहताच, "चहा आन वं."

दामिनी किटली घेऊन पुढे झाली. तेवढ्यात रंजीताने तिच्या पदराला झोंबत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं,

"आई, पेटी बाबानं वाजवली, तं मंग मी कोनाच्या मांडीवर निजली होती?"