शेकलेलं चामडं

क्युबातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकगायकांची एक जुनी, गाजलेली रेकॉर्ड आम्ही राजारामपुरीतल्या स्टुडिओत नव्यानं बांधत होतो. मूळ गाणी तशीच ठेवून त्यांच्या ढोलांना हलगीची साथ द्यायची होती. त्या मेळातलं आता कोणीच हयात नाही.

हलगी वाजवायला आलेल्या कागलच्या आण्णांनी हेडफोन लावला आणि मान हलवली. "ढोल सादळल्यात ह्यांचं. शेकाय पायजेत की."

"आण्णा, साठ वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे ते," मी हसून म्हणाले.

आण्णा हसले नाहीत. मागच्या परड्यात उसाचं पाचट पेटवून त्यांनी हलगीचं चामडं तापवलं. मी जाळावर पाणी मारायला निघाले, तर त्यांनी अडवलं.

"इझवू नगा. त्यांचंबी शेकू द्या."

थोड्या वेळानं आत येऊन मी तीच फाईल लावली. ढोल खणखणीत वाजले. मी कशालाही हात लावला नव्हता.

"व्हय, आता बरं हाय," म्हणत आण्णांनी हलगी धरली.

मधल्या शांत जागेत गायिकेनं श्वास घेतला. ती जागा मला पाठ होती. इथं ती पुढची ओळ उचलते.

तिनं ओळ उचलली नाही. ती खोकली, छातीत धूर गेल्यासारखी.

मग तिच्यामागं बाकीचेही एकेक करून खोकू लागले.