रफीफचा ताप

मोसुलच्या प्रयोगशाळेतली वीज गेली आणि जनरेटरही दोनदा खोकून गप्प बसला. बंद इन्क्युबेटरभोवती डॉक्टर वासिक नुसत्या येरझाऱ्या घालत होते. सकाळी खाटीकखान्यातून आणलेल्या मेंढ्यांची कच्ची बीजांडं नळ्यांत भरून आत पिकायला ठेवली होती. गार पडली की महिनाभराची तयारी पाण्यात. नळ्या स्वतःच्या काखेत धराव्यात, तर माणसाची ऊब पुरत नाही. मेंढीचं अंग आपल्यापेक्षा दोन अंश गरम, एकोणचाळीस सेल्सिअस.

एकदम ते थबकले आणि व्हरांड्याकडे धावले. ज्या विद्यार्थिनीला, रफीफला, त्यांनी मघाशी "एवढ्या तापात मरायला कशाला आलीस?" म्हणून हाकललं होतं, ती शाल गुंडाळून भावाच्या गाडीची वाट बघत होती.

"पोरी, ताप किती आहे?"

"एकोणचाळीस, उस्ताद."

त्यांनी नळ्या पुढे केल्या. ती समजली. नळ्या काखेत घट्ट दाबून कुडकुडत बसली.

तिचा फोन वाजला. तिचे हात गुंतलेले, म्हणून त्यांनीच उचलला. पलीकडे तिची आई होती. "उस्ताद, लेकीला तापाची गोळी तेवढी द्या हो."

"देतो ना, ताई," विझलेल्या दिव्याकडे बघत ते म्हणाले, "वीज आली की लगेच."