कुंदाच्या नावाने

वर्षभराने आज कुंदाला पुन्हा फिट आली होती. परसातल्या टाकीतले मासे हेच तिचं औषध. फिट थांबवणारं औषध माशांच्या पोटातले जंतू बनवायचे. पाणी तापलं किंवा खाणं बदललं, की जंतू मरायचे. तिचा नवरा रत्नाकर टाकीभोवती येरझाऱ्या घालत होता. त्याने पुन्हा तापमान पाहिलं. ते बरोबर होतं.

"आई, खाद्य बदललंस का?"

"नाही रे, तेच घालते," म्हणत द्वारकाबाई काठाशी आल्या. त्यासरशी सगळे मासे तोंडं उघडून त्यांच्याकडे धावले.

"यांना कसली सवय लावलीस?"

"कणकेच्या गोळ्यांची. माशांना घातल्या की पुण्य लागतं. कुंदाच्या नावाने महिनाभर रोज घालते," त्या म्हणाल्या. "आज तिला फिट आली म्हणून दुप्पट घातल्या."