सरदार आबांशी बोलणार

‘तुझ्या सासऱ्याशी मी बोलतो,’ असं सरदारनं लिहिलं आणि शिवकन्याच्या हातातला फोन पिठाच्या परातीत पडता पडता राहिला.

सरदार कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. ‘गडराखण’ नावाच्या खेळातला तिचा गडी, एवढंच. खेळ आता म्हातारा झालेला. पोरंसोरं केव्हाच नव्या खेळांकडे पळाली होती. उरले होते चौघं, गडाच्या चार दरवाजांना चार. रोज दिवेलागणीला जमायचे. एकट्यादुकट्याचं तिथं काही चालत नाही. एक पडला की दुसऱ्यानं धावत येऊन त्याला उठवायचं, हाच त्या खेळाचा जीव. बोलणं सगळं लिहून, नावं सगळी खोटी. शिवकन्या तिथं वाघीण होती.

आता म्हणाल, सुनेला असले चाळे कशाला? तर नवरा बालाजी पुण्याला कंपनीत. त्याचे जुने फोन घरातच वाटले जायचे. हिच्या वाट्याला आला त्यात खेळही होता आणि खेळणाऱ्यांचा गटही. घरात दिवसभर तिला कामं सांगितली जायची. गडावर मात्र सरदार विचारायचा, ‘वाघीण, कसं करायचं?’ अन् ती म्हणेल तसं तिघं करायचे. याची चटक लागली तर तिचं काय चुकलं?

चुकलं ते गेल्या आठवड्यात. मन भरून आलं आणि ती गटात नको ते लिहून बसली. हिंगोलीला नर्सिंगला नंबर लागलाय. प्रवेशाला आठवडाच उरलाय. नवरा म्हणतो, आबा हो म्हनले तर माझी ना न्हाई. आणि आबांपुढं सुनेनं तोंड उघडायची रीत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, आबा, म्हणजे सासरे माणिकराव, सुनेशी थेट एक शब्द बोलले नव्हते. भाकरी हवी असली तरी सासूला सांगायचे, “तिला म्हनावं, वाढ.”

त्या दिवशी सरदार नुसतं लढाईचंच लिहीत राहिला होता. आणि आज, प्रवेशाला एकच दिवस उरला असताना, हे.

‘नका बोलू. पाया पडते,’ तिनं पिठाच्या बोटानं लिहिलं. ‘तुमी वळखता का त्यांला?’

‘चांगला वळखतो. पुसेगावचेच ना?’

गावाचं नाव तिनं कधी काढलं नव्हतं. म्हणजे हा कोणी गावातलाच. उद्या पारावर बोभाटा होणार, माणिकरावाची सून परक्या बाप्यांशी फोनवर बोलून राहिली. मग नर्सिंग तर चुलीत गेलंच, माहेरचंही नाक जाणार.

“काहून गं थांबली? तवा जळून राहिला,” सासू सुमनबाई म्हणाल्या.

“काही न्हाई, आत्याबाई.”

तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. आबा ओसरीवर बाजेवर बसलेले, रोजच्यासारखा फोन नाकाला लावून. हळदीचा भाव बघायची त्यांची ही वेळ. भाव पडला की च्च च्च करायचे.

तेवढ्यात अंगणात देविदास आला. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातला. शिवकन्याचा फोन त्यानंच एकदा दुरुस्त केला होता. तेव्हा हसून म्हणाला होता, “वहिनी, हा जुना खेळ अजून कोन खेळतं?”

हाच तो सरदार. तिची खात्रीच पटली.

देविदास आबांच्या शेजारी टेकला. खिशातून चार्जर काढून त्यांना दिला आणि वाकून हळू आवाजात बोलू लागला. चार्जर द्यायला माणूस असा कानाशी लागतो होय? आबांनी एकदा घराच्या दाराकडं पाहिलं. मग मान हलवली. देविदास उठला आणि गेला.

आबा फोन मागवून बघतील, तर त्यात काही सापडायला नको. गडावर लढाई तोंडावर आलेली होती, सरदार लिहीत होता, ‘वाघीण, दार धर.’ तिनं वाचलं आणि खेळच फोनमधून काढून टाकला. तिला रडू फुटलं. तिचं ऐकणारी तीन माणसं होती, तीही गेली.

ओसरीवर आबा खाकरले. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दाराआड उभी राहिली.

“ऐकलं का,” भिंतीकडं बघत ते सुमनबाईंना म्हणाले, “तिला म्हनावं, उद्या सकाळच्या गाडीनं हिंगोलीला जायाचंय. देविदासाला गाडीची येळ इचारून ठेवलीय. मी संगं येतो.”

“हिंगोलीला? ते काहून?”

“नर्सिंगला. काम तिचं हाय, तिला ठावं हाय.”

सुमनबाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. “अजून काही सांगायचंय का तिला?”

“व्हय,” आबा घुश्श्यात म्हणाले. “तिला म्हनावं, वाघीणच दार सोडून पळाली, तर म्या येकट्यानं गड कसा राखावा?”