गाड्यांच्या बाजूला

मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली ती आईसाठी. तिचं मरोळच्या कंपनीतून पाय ओढत घरी येणं तरी थांबेल, म्हटलं. पण आई रोज नाक्यावरच उतरायची. "भाजी घेते, तू हो पुढे." घरी यायची तेव्हा पिशवी रिकामीच. बाबा होते तेव्हा दोघं याच रस्त्याने चालत यायचे. बाबा कायम गाड्यांच्या बाजूला, आणि सारखं, "आत हो गं!" आई जाम वैतागायची. आज माझी सटकली. तिला उतरवलं आणि हळूच मागोमाग निघाले. स्कूटरला आवाजच नाही, तिला कळलंही नाही. भाजीवाल्याकडे न बघता ती कडेकडेने चालत होती, गाड्यांच्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. मागून टेम्पोने हॉर्न दिला. आई भिंतीला आणखी चिकटली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून करवादली, "झाले हो आत! आता काय गटारात जाऊ?"